हाताने केलेल्या आकाशकंदिलाची किंमत कशी ठरवावी?

खळ_आणि_कामटी

नमस्कार मंडळी. आश्विन लागला की मी बांबूच्या कामट्यांचे आणि पतंगी कागदाचे पारंपरिक आकाशकंदील करायला घेते आणि दिवाळीच्या आधीच्या पंधरवड्यात आमच्या डोंबिवलीतील एका प्रदर्शनात ते विकायला ठेवते. सांगाडा बांधणे, कागद कापणे, खळ लावून चिकटवणे, झिरमिळ्या कातरणे आणि कडांना सोनेरी पट्टी लावणे हे सगळे मी स्वतः करते. एका कंदिलाला सुमारे चार तास लागतात. किंमत मी ८५० रुपये ठेवली आहे.

शेजारच्या स्टॉलवर यंत्राने कापलेल्या पुठ्ठ्याचे घडीचे कंदील २५० रुपयांना मिळतात. माझ्याकडे येणारी मंडळी कंदील हातात घेतात, लहानपणाची आठवण काढतात, छायाचित्र घेतात, किंमत विचारतात आणि "कागद आणि काड्याच तर आहेत" असे म्हणून पुढे जातात. त्यांचा मला राग येत नाही, कारण त्यांच्या दृष्टीने कंदील ही चार-पाच दिवसांची वस्तू आहे.

माझे मत असे आहे की हाताने केलेल्या वस्तूच्या किमतीत करणाऱ्याच्या वेळेची मजुरी धरलीच पाहिजे, आणि ती देणारे गिऱ्हाईक नसेल तर वस्तू फुकापासरी विकण्यापेक्षा न विकलेली बरी. हौसेखातर स्वस्तात विकणारे लोक ज्यांचे पोट या कामावर आहे त्यांचाही भाव पाडतात. आपल्यापैकी जे सणासुदीला पणत्या, तोरणे, रांगोळीचे साचे, उटणे किंवा कंदील करून विकतात, ते किंमत कशी ठरवतात? आणि विकत घेणाऱ्यांचे काय म्हणणे आहे?

जमाखर्च

माझा व्यवसाय हिशेबाचा असल्यामुळे आधी आकडे मांडतो. एका कंदिलाचे साहित्य १५० रुपये, चार तासांची मजुरी तासाला १०० रुपये दराने ४०० रुपये आणि स्टॉलच्या भाड्याचा वाटा ५० रुपये धरला, तर खर्च ६०० रुपये होतो. म्हणजे ८५० रुपयांत २५० रुपये नफा, असे कोणालाही वाटेल, परंतु सणाच्या वस्तूचा हिशेब असा संपत नाही. लक्ष्मीपूजन झाले की कंदील विकला जात नाही. समजा २० कंदील केले आणि १५ विकले गेले, तर २० कंदिलांचा १२,००० रुपये खर्च त्या १५ कंदिलांतून निघायला हवा, म्हणजे विकल्या गेलेल्या प्रत्येक कंदिलामागे खर्च ८०० रुपये झाला. उरलेले पाच पुढच्या वर्षीपर्यंत टिकतात असे म्हणाल, तर पतंगी कागदाचा रंग उडतो आणि माळ्यावर ठेवलेला कंदील चेपतो.

थोडक्यात, ८५० रुपये ही किंमत महाग नसून काठावरची आहे. तासाला १०० रुपये हा दरही मी कमीच धरला आहे.

पेठेतला_पाहुणा

मी दर वर्षी स्वतः कंदील करतो आणि त्याची किंमत ठरवण्याची वेळ माझ्यावर कधीही येत नाही, कारण गेल्या दिवाळीत शेजारच्या काकांनी गॅलरीकडे पाहून "यंदा टपालपेटी टांगली आहे का?" असे विचारले होते.

साधा_ग्राहक

विकत घेणाऱ्याची बाजू मांडतो. मला कंदील आवडतो, हाताने केलेला अधिक आवडतो, पण दिवाळीच्या महिन्यात फराळ, कपडे, भेटवस्तू आणि घरकामाच्या ताईंचा बोनस यांनंतर कंदिलासाठी ८५० रुपये काढणे जड जाते. "कागद आणि काड्या" हे उद्गार कठोर आहेत खरे, पण त्यामागे कंजुषीच असते असे नाही. वस्तू किती टिकेल, ती पावसात भिजली तर काय आणि पुढच्या वर्षी ती वापरता येईल का, या प्रश्नांची उत्तरे स्टॉलवर कोणी देत नाही. परतीचा पाऊस हल्ली दिवाळीपर्यंत रेंगाळतो. आमचा कागदी कंदील एकदा वसुबारसेच्या रात्रीच भिजून लोंबला आणि उरलेली दिवाळी नुसत्या दिव्यावर काढावी लागली.

बुरूड_आळी

धागा वाचून लिहावेसे वाटले. आमच्या घरात बांबूचे काम पिढ्यान्‌पिढ्या चालत आले आहे. सूप, टोपली, रोवळी, परडी, कणगी या सगळ्या वस्तू हातानेच होतात आणि त्यांनाही तास लागतात. सूप विणायला बसले की मान मोडून येते. तरीही सुपाची किंमत सांगितली की गिऱ्हाईक निम्म्याने मागते, आणि तसे मागण्यात कोणालाही संकोच वाटत नाही. लग्नात, गौरीत, बारशाला सूप लागतेच; म्हणून लोक येतात, घासाघीस करतात आणि घेऊन जातात. प्रदर्शनातील टेबलावर पांढरा कपडा अंथरून मांडलेल्या वस्तूची किंमत लोक निदान शांतपणे ऐकून घेतात, पण रस्त्याच्या कडेला बसलेल्या आमच्या आईने सांगितलेली किंमत मात्र ऐकताच खाली आणली जाते. तेव्हा हातकामाला दाम मिळत नाही हे दुःख नवे नाही, ते आमच्या आळीत फार जुने आहे.

आता कामाचे बोलतो. धागाकर्त्या ताई कामट्या कुठून आणतात आणि त्यांचे काय देतात, हे समजले तर बरे होईल. वर हिशेबात "साहित्य १५० रुपये" असे एका ओळीत आले आहे. त्यात कामट्या असतील, तर त्या कोणीतरी हातानेच काढलेल्या आहेत. ओला बांबू कोयत्याने उभा चिरायचा, त्याचे दोन, मग चार, मग आठ भाग करायचे, आतले पडदे काढायचे, आणि नंतर प्रत्येक पट्टीचा सालीकडचा भाग पोटाकडच्या भागापासून सोलून वेगळा करायचा. सालीकडची कामटी चिवट असते. ती वाकते, पण मोडत नाही. पोटाकडची कामटी ठिसूळ असते आणि भुंगा तिलाच आधी लागतो, कारण त्या भागात पिष्ट जास्त असते. बाजारातील स्वस्त कंदिलाच्या सांगाड्याखाली पिवळसर भुगा सांडलेला दिसला, तर तो पोटाकडच्या कामटीचा आहे असे खुशाल समजावे. सालीकडच्या कामट्या काढणाऱ्याची मजुरी "साहित्य" या शब्दाखाली झाकली जाते, एवढेच माझे म्हणणे आहे.

खळ_आणि_कामटी

@बुरूड_आळी, मी कामट्यांची जुडी कल्याणच्या एका बुरूड कुटुंबाकडून आणते आणि ते सांगतील तेच पैसे देते. एका कंदिलाच्या वाट्याला कामट्यांचे साधारण ४० रुपये येतात. उरलेले कागद, सोनेरी पट्टी, दोरा, वायर आणि होल्डर यांचे. आपला मुद्दा मला पटतो, परंतु त्याचा एक अर्थ असा होतो की कंदिलाची किंमत ८५० रुपयांहूनही जास्त असायला हवी, आणि ती तर ८५० रुपयांनाही जात नाही. मग यातून वाट काय?

बुरूड_आळी

वाट सुचली तर लिहीनच. पण सांगेल ते पैसे देणारी गिऱ्हाइके आमच्याकडे फार थोडी येतात, हेही इथे नोंदवून ठेवतो.

मांडवीकाठ

गोव्यातून लिहीत आहे. आमच्याकडे आकाशकंदील विकण्यापेक्षा स्पर्धेत मांडण्याची रीत अधिक रुजलेली आहे. दिवाळीच्या सुमारास गावोगावी आकाशकंदील स्पर्धा होतात. पारंपरिक आणि आधुनिक असे गट असतात, आणि एकेका मंडपात शेकडो कंदील एकाच वेळी उजळलेले पाहायला मिळतात. नारळाच्या झावळ्या, सुपारीच्या पोवल्या, कडधान्ये, काथ्या, शिंपले, गवत, जुनी वर्तमानपत्रे अशा साहित्याचे कंदील मी पाहिले आहेत. मसुराची डाळ एकेक दाणा चिकटवून केलेली जाळी उजेडात केशरी दिसते. ती करणाऱ्याने किती तास घालवले असतील याचा हिशेब @जमाखर्च यांनी न केलेलाच बरा.

त्याच दिवसांत मुले नरकासुराच्या प्रतिमा करण्यात गुंतलेली असतात. बांबू, गवत आणि कागद यांचा तो प्रचंड देह नरकचतुर्दशीच्या पहाटे जाळला जातो. इतक्या कष्टाने केलेली वस्तू जाळण्यासाठीच केलेली असते, त्यामुळे तिची किंमत काय, असा प्रश्न कोणाच्या मनातही येत नाही. पुढे नाताळात हीच कामटी आणि हाच कागद घराघरांवरच्या नक्षत्रांसाठी, म्हणजे चांदणीच्या आकाराच्या कंदिलांसाठी, वापरला जातो.

माझे मत मात्र धागाकर्त्यांपेक्षा वेगळे आहे. सणाची कला विकायला काढली की तिची तुलना पुठ्ठ्याच्या कंदिलाशी होणारच. ती शिकवावी, स्पर्धेत मांडावी, शेजाऱ्याला द्यावी. विक्रीतून तिचे मोल होणार नाही.

जमाखर्च

@मांडवीकाठ, स्पर्धेत बक्षीस एकाला मिळते आणि साहित्याचा खर्च सगळ्यांना येतो. ज्यांना घर चालवायचे आहे त्यांना "विकू नका, शिकवा" हा सल्ला देणे सोपे आहे. माहीमच्या कंदील गल्लीत दिवाळीच्या कितीतरी आधीपासून कंदील बांधायला सुरुवात होते, आणि तिथल्या मंडळींची वर्षाची मोठी मिळकत या हंगामावर असते. त्यांना हा सल्ला कसा लागू होईल?

मांडवीकाठ

व्यवसाय म्हणून करणाऱ्यांनी अवश्य विकावे. माझा रोख हौसेने करणाऱ्यांकडे होता.

भूमितीचा_तास

मी शाळेत गणित शिकवतो आणि सहामाही परीक्षा संपली की सुटीपूर्वी मुलांकडून कंदील करून घेतो. धाग्याचा विषय किंमत हा असला, तरी चार तास कुठे जातात हे समजल्याशिवाय किंमत पटणार नाही, म्हणून सांगाड्याविषयी लिहितो.

पारंपरिक कंदिलाला सारख्या लांबीच्या २४ काड्या लागतात. त्यांचे सहा चौकोन बांधायचे. चार चौकोन कोपऱ्यावर उभे धरून त्यांची शेजारची टोके एकमेकांना बांधली की मधला पट्टा तयार होतो. पाचवा चौकोन वर आणि सहावा खाली आडवा बांधायचा. हे झाले की चौकोनांच्या मधल्या जागी आठ समभुज त्रिकोण आपोआप उमटतात, त्यांच्यासाठी एकही वेगळी काडी लागत नाही. एक फुटाची काडी घेतली तर कंदील जवळजवळ १७ इंच उंच होतो, कारण उंची म्हणजे उभ्या चौकोनाचा कर्ण.

खरी गंमत पुढे आहे. चोवीस काड्या बांधून झाल्यावरही सांगाडा डगमगतो आणि मुलांना वाटते की गाठी सैल राहिल्या. गाठी कितीही आवळल्या तरी चौकोन तिरका होतोच, कारण चार काड्यांचा चौकोन मुळात अस्थिर असतो. त्रिकोण मात्र हलत नाही. सांगाड्याला स्थिर करतो तो कागद. चारही उभ्या चौकोनांवर कागद ताणून चिकटवला आणि खळ वाळली की तो कागद कर्णावर बांधलेल्या काडीचे काम करतो. वरच्या आणि खालच्या चौकोनात कर्णावर एकेक काडी घातली की सांगाडा पक्का होतो, आणि वरच्या काडीला होल्डरही टांगता येतो. कागद ओढताना एक चौकोन जरी तिरका राहिला, तर पूर्ण कंदील कायमचा वाकडा वाळतो. ज्या कामात चूक दुरुस्त करता येत नाही, त्या कामाला वेळ लागतो.

पेठेतला_पाहुणा

माझी टपालपेटी का झाली, याचे शास्त्रीय कारण समजले. आभारी आहे.

वायरमन

दिव्याबद्दल कोणी लिहिले नाही म्हणून लिहितो. पूर्वी कंदिलात ४० किंवा ६० वॅटचा तारेचा दिवा असे आणि तो चांगलाच तापत असे. वाऱ्याने कागद दिव्याला टेकला की करपून तांबूस डाग पडत असे, आणि कधी कधी पेटही घेत असे. आता ९ वॅटच्या एलईडी दिव्याने काम भागते. तो त्या मानाने फारच कमी तापतो, त्यामुळे लहान कंदीलही निर्धोक करता येतो. विकत घेताना दिवा पिवळसर प्रकाशाचा घ्यावा. पांढऱ्या प्रकाशात पतंगी कागदाचा लाल आणि केशरी रंग फिका, मेलेला दिसतो, आणि मग लोक कागदाला नावे ठेवतात. प्रदर्शनात कंदील दिवसाउजेडी न पेटवता ठेवणे म्हणजे त्याची निम्मी किंमत आपणच कमी करणे होय. स्टॉलवर तीन बाजूंनी काळा कापडी आडोसा करावा आणि आत एक कंदील पेटता ठेवावा.

खळ_आणि_कामटी

@वायरमन, आडोशाची सूचना फार उपयोगी आहे, यंदा नक्की करते. होल्डरसाठी वेगळे काही सुचवाल का?

वायरमन

होल्डर आय.एस.आय. चिन्हाचा घ्यावा, वायरचा भार होल्डरवर न देता काडीला गाठ मारून द्यावा, आणि बाहेर टांगताना वायरीचा जोड गॅलरीच्या आत राहील इतकी लांबी ठेवावी. पावसात बहुतेक वेळा दगा जोडाने होतो.

दूरदेशी_दिवाळी

न्यू जर्सीहून लिहिते. इथे दिवाळी आणि पानगळ एकाच सुमारास येतात, नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी घड्याळे एक तास मागे जातात आणि पाच वाजताच अंधारून येते, त्यामुळे कंदिलाला भारतापेक्षाही जास्त वेळ मिळतो. शेजाऱ्यांच्या पायऱ्यांवर कोरलेले भोपळे आणि आमच्या दारात कंदील, असे दृश्य आमच्या गल्लीत आता सगळ्यांच्या सवयीचे झाले आहे.

आमच्या मंडळात मुलांसाठी कंदिलाची कार्यशाळा असते. कामट्या मिळत नाहीत, म्हणून कबाबासाठी विकतात त्या बांबूच्या १२ इंची काड्या आम्ही वापरतो. शंभराच्या पाकिटात चार कंदील होतात आणि चार काड्या उरतात, हे @भूमितीचा_तास यांचे वाचून पुन्हा ताडून पाहिले. टोके मात्र आधी कापून टाकावी लागतात. सांधे बांधायला आधी रबर, नंतर दोरा.

किमतीबद्दल माझा अनुभव असा आहे की इथल्या शरदातल्या हस्तकला जत्रांमध्ये करणारा माणूस स्टॉलवर बसून काम करत असतो. कुणी लोकर विणत असते, कुणी लाकूड कोरत असते. किंमत ऐकण्याआधी लोक दहा मिनिटे काम पाहतात, आणि नंतर ती महाग वाटली तरी "यात आहे काय" असे कोणी म्हणत नाही. आपण प्रदर्शनात कागद चिकटवत का बसत नाही? शिवाय सांगाडा न करता काड्या, कापलेले कागद आणि कृतीचा कागद यांचा संच विकला, तर तो टपालानेही पाठवता येईल.

चुलत_मावळा

संचाची कल्पना किल्ल्यांच्या बाबतीत येऊन गेली आहे आणि मला ती आवडलेली नाही. प्लॅस्टर ऑफ पॅरिसचे तयार किल्ले आणून अंगणात ठेवायचे आणि त्यावर मावळे मांडायचे, यात मुलांच्या हाताला माती लागतच नाही. दगड-विटा रचून, त्यावर पोते अंथरून, चिखल लिंपून आणि हळीव पेरून केलेला किल्ला वाकडातिकडा असला, तरी करताना मुले भांडतात, नकाशा पाहतात, बालेकिल्ला कुठे आणि माची कुठे हे शिकतात. २०२५ साली मराठ्यांचे १२ किल्ले जागतिक वारशाच्या यादीत आले, त्यांपैकी ११ महाराष्ट्रात आणि एक, जिंजी, तमिळनाडूत आहे. यंदा आमच्या चाळीतील मुलांनी जिंजी करायला घेतला आहे आणि त्याच्या तीन टेकड्या एका अंगणात कशा बसवायच्या यावर गेला आठवडा वाद सुरू आहे.

जमाखर्च

जिंजीचे छायाचित्र किल्ल्यांच्या धाग्यावर अवश्य द्यावे. इथे कंदिलाची किंमत अजून ठरायची आहे.

चुलत_मावळा

देतो. पण संच नको, हे माझे मत याच धाग्याचे आहे.

सुगृहिणी_नव्हे

खळीविषयी एक सूचना. कागदाला झुरळे लागू नयेत म्हणून मैद्याच्या खळीत मोरचूद घालण्याची जुनी पद्धत आहे. मोरचूद विषारी असते. मुलांबरोबर काम करताना ते मुळीच वापरू नये. नुसत्या मैद्याची खळ पातळसर शिजवून, गार करून, त्याच दिवशी संपवावी. बाजारातील पांढरा गोंद वापरला तर चालतो, पण तो पतंगी कागदावर डाग सोडतो आणि उजेडात ते डाग स्पष्ट दिसतात.

@साधा_ग्राहक यांच्या पावसाच्या प्रश्नाला एक तोडगा असा की पतंगी कागदाऐवजी बटर पेपर वापरावा. त्याच्यावर पाणी लगेच मुरत नाही. झड असेल तर मात्र कोणताही कागद टिकत नाही.

काठावरची

मी @खळ_आणि_कामटी यांच्या शेजारच्याच स्टॉलवर ते पुठ्ठ्याचे कंदील विकते, म्हणून थोडे बोलते. आमचा बचत गट आहे. पुठ्ठा यंत्रावर कापून येतो हे खरे, पण घड्या घालणे, कागद लावणे, लोकरीचे गोंडे करणे आणि बांधणी हे सगळे आमच्या बायका हातानेच करतात. एका कंदिलाला २० मिनिटे लागतात आणि म्हणून तो २५० रुपयांना देता येतो. पूर्वी आम्ही थर्माकोलचे करायचो. २०१८ मध्ये राज्यात बंदी आली, तेव्हा तयार माल अंगावर पडला आणि आम्ही पुठ्ठ्याकडे वळलो. यंत्राने कापलेले म्हणजे हातकाम नव्हे, असे वर कोणी थेट म्हटलेले नाही, पण सूर तसा लागला आहे. आम्हाला तास थोडे लागतात, हाच फरक आहे.

खळ_आणि_कामटी

@काठावरची, तसा सूर माझ्या लिहिण्यात नसावा, आणि आपल्या गटाच्या मजुरीबद्दलही माझी भूमिका तीच आहे. फक्त गिऱ्हाईक दोन्ही वस्तू शेजारी ठेवून एकच प्रश्न विचारते, त्यामुळे माझ्या चार तासांचे आणि आपल्या वीस मिनिटांचे मोजमाप एकाच काट्यावर होते. पुढच्या वर्षी आपण आयोजकांना सांगून वेगवेगळ्या ओळींत बसलो, तर दोघींचाही फायदा होईल असे मला वाटते.

काठावरची

त्यापेक्षा माझ्या शेजारीच बसा. ज्यांना माझा कंदील साधा वाटतो ते तुमच्याकडे येतात आणि ज्यांना तुमचा महाग वाटतो ते माझ्याकडे परत येतात. माझी विक्री तुमच्यामुळे वाढते, हे मी गेल्या वर्षीच पाहिले आहे.

पेठेतला_पाहुणा

आता भाड्याचा वाटा @काठावरची यांच्याकडून वसूल करावा असा ठराव मी मांडतो.

माळ्यावरचा

सगळा धागा वाचला आणि एक गोष्ट कोणी लिहिली नाही याचे नवल वाटले. आमच्या घरी, सातारा जिल्ह्यात, कंदील दर वर्षी नवीन नसे. सांगाडा एकच होता. तो त्रिपुरारी पौर्णिमा झाली की उतरवून, कागद फाडून, माळ्यावर टांगून ठेवत असत, आणि पुढच्या आश्विनात खाली काढून, दोन-चार गाठी नव्याने आवळून त्यावर नवा कागद चढवत. सालीकडच्या कामटीचा तो सांगाडा वर्षानुवर्षे टिकला. खर्च काय तो कागदाचा आणि खळीचा.

मग किंमतही तशीच का ठरवू नये? सांगाड्याची किंमत एकदाच घ्यावी आणि दर वर्षी कागद बदलून देण्याचे वेगळे पैसे घ्यावेत. गिऱ्हाइकाला पहिल्या वर्षी ८५० रुपये जड वाटतील, पण पुढच्या वर्षी २५० रुपयांत नवा कंदील मिळतो म्हटल्यावर तो शेजारच्या पुठ्ठ्याच्या कंदिलाइतकाच पडतो. @साधा_ग्राहक यांच्या "किती टिकेल" या प्रश्नाचेही उत्तर यात येते.

जमाखर्च

हा हिशेब बसतो. कागद बदलायला तास-दीड तास लागत असेल, तर मजुरी १५० आणि कागद-पट्टीचे ६० मिळून २१० रुपये होतात. मागणी आधी नोंदवून घेतली तर न विकल्या गेलेल्या मालाचा धोकाही राहत नाही, आणि तोच धोका ८५० रुपयांतील एक मोठा भाग होता. मात्र सांगाडे आणून द्यायची तारीख घटस्थापनेच्या आसपासची ठेवावी, नाहीतर सगळे धनत्रयोदशीला येतील.

बुरूड_आळी

मघाशी वाट सुचली तर लिहीन म्हटले होते. @माळ्यावरचा यांनी निम्मी वाट दाखवली आहे, उरलेली अशी: सांगाडा टिकवायचा असेल, तर तो आमच्याकडूनच बांधून घ्या. सालीकडच्या कामट्या, तासून एकसारख्या केलेल्या आणि वाळवलेल्या. सांधे दोऱ्याऐवजी बांबूच्याच बंदाने आवळलेले. २४ काड्यांचा सांगाडा २०० रुपये, आणि त्यात घासाघीस नाही. तुमचा बांधणीचा वेळ वाचेल, त्या वेळात तुम्ही कागदाचे काम करा. मात्र स्टॉलवरच्या चिठ्ठीवर सांगाड्याची किंमत आणि कागदकामाची किंमत वेगवेगळी लिहिलेली असावी, म्हणजे बांबूची मजुरी "साहित्यात" जाणार नाही.

खळ_आणि_कामटी

@बुरूड_आळी, मला मान्य आहे. बांधणीचा दीड तास वाचला तर मजुरीचे १५० आणि कामट्यांचे ४० रुपये कमी होतात, म्हणजे तुमचे २०० रुपये देऊनही माझी किंमत जवळजवळ तीच राहते आणि सांगाडा माझ्यापेक्षा चांगला होतो. चिठ्ठीवर दोन्ही किमती लिहीन. ज्यांनी गेल्या वर्षी माझे कंदील नेले, त्यांच्यापैकी किती जणांकडे सांगाडे शिल्लक आहेत हे आजच संकुलाच्या गटावर विचारते. आपल्याला निरोप पाठवला आहे. यंदा पहिल्या खेपेला दहा सांगाडे हवेत.

बुरूड_आळी

निरोप मिळाला. काडी एक फुटाची हवी की नऊ इंचांची, ते कळवा. गॅलरीत टांगायचे असतील तर नऊ इंचांची पुरे, एक फुटाचा कंदील कपडे वाळत घालायच्या दोरीला अडतो.

सुगृहिणी_नव्हे

नऊ इंचांची. आमच्याकडे दर वर्षी अडतो.